हद्द तुमची, उंची नाही

आमच्या आक्का अंदाजाने काही सांगत नसत. साडीचा काठ असो की दारातल्या खड्ड्याची खोली, कमरेच्या पिशवीतून पोलादी टेप निघे आणि आकडा येई. जमीन मोजणीच्या सरकारी कार्यालयात तीस वर्षे नकाशे काढण्यात गेलेली. त्यांचे माहेर कुंडलचे. नोकरीत असताना त्या साहेबांशी शुद्ध बोलत आणि टेबल सुटले की कुंडलच्या बोलीवर येत. “डोळा खोटं बोलतो पोरी, टेप न्हाई बोलत,” असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले, तेही माझ्या कपाटाचा जिन्यात अडकलेला कोपरा मोजता मोजता.

मी तेव्हा कराडच्या अलीकडच्या, नगरपालिका असलेल्या एका छोट्या गावात शाळेत नोकरीला लागले होते आणि आक्कांच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. खाली आक्का आणि त्यांचे यजमान. यजमान सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सगळे त्यांना दादा म्हणत. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती, वाचाही जवळजवळ गेली होती. त्यांची खाट खिडकीशी होती. समोर मेंदीचे कुंपण, पलीकडे कंत्राटदारांचे अंगण, त्यापुढे रस्ता आणि शाळेत जाणारी पोरे. सकाळपासून दादा तेवढेच बघत. एसटी गेली की डावा हात उचलत. ड्रायव्हरही ओळखीचे झाले होते, तेही हात करत.

कंत्राटदार म्हणजे आमचे शेजारी. रस्त्यांची कामे घ्यायचे, गावात वजन होते. त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. कुंपणावरून वाटीभर आंबील दादांसाठी हमखास यायची. कंत्राटदारांना मात्र ती खिडकी खुपत होती. घरात लग्नाची मुलगी, दारात माणसांचा राबता, आणि एक वाकड्या तोंडाचा माणूस दिवसभर टक लावून बसलेला. हे त्यांनी चार लोकांत बोलून दाखवले होते.

दादांना उपचारासाठी साताऱ्याला आठ दिवस ठेवले होते; शाळेला सुट्टी होती, मीही सोबत होते. परत आलो तर मेंदी उपटलेली आणि तिच्या जागी विटांची भरीव भिंत उभी. खिडकीपासून तीन फुटांवर. आक्कांनी दादांना खाटेवर टेकवले, डोक्याखाली उशी दिली आणि टेप घेऊन बाहेर गेल्या. नऊ फूट चार इंच.

आक्का आधी सरळ बोलायला गेल्या. मी सोबत होते. कंत्राटदार झोपाळ्यावरून उठले नाहीत. माझ्या हद्दीत आहे, पाहिजे तेवढी चढवीन, असे म्हणाले. आक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“हद्द तुमची हाय. उंची तुमची न्हाई,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी मला नियम समजावला. भिंत भरीव बांधायची तर दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. त्याच्यावर न्यायची तर नुसती जाळी, वारा-उजेड जाईल अशी, आणि तीही मिळून आठ फुटांपर्यंत. आम्ही त्याच आठवड्यात नगरपालिकेत अर्ज दिला.

दादा त्यानंतर चार महिने जगले. खिडकीकडे तोंड करून ठेवले की मान फिरवत. शेवटी शेवटी डोळेच उघडेनात. डॉक्टरांनी दाखल्यावर जे लिहायचे ते लिहिले. तेराव्याला पाहुणे गेल्यावर आक्का भांडी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ह्ये अर्धांगानं गेले न्हाईत. भिंतीनं गेले.” पुढे म्हणाल्या, “आता बघते.”

आणि त्यांनी पाहिले. मला आजही वाटते, एवढा थंड राग मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. रोज सकाळी अंघोळ, पूजा, आणि मग माझ्याकडून अर्जाचा पुढचा कागद. अक्षर माझे, शब्द त्यांचे. एखादे विशेषण मी घातले की त्या खोडायला लावत. दांडगाई हा शब्द मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. “राग कागदावर सांडायचा न्हाई. तिथं नुसतं माप,” म्हणत.

कंत्राटदारांनी तोड काढली. अंगणात मुरूम टाकून त्यांनी जमीन दोन फूट उचलली होती, तिथून भिंत मोजा म्हणू लागले. आक्का म्हणाल्या, उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून धरायची असते. एका रविवारी त्यांनी गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. एक टोक धरून मी भर रस्त्यात उभी, दुसरे टोक आक्कांच्या हातात, भिंतीला लावलेले. दोन्हीकडचे पाणी एका पातळीला येईपर्यंत एसटी थांबून राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, कुणासाठी चाललेय ते कळले तसा गाड्या अडवायला स्वतः उभा राहिला.

दोन वर्षांनी नोटीस निघाली. भिंतीचा वरचा भाग कंत्राटदारांच्याच माणसांनी उतरवला. आक्का खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या, दिवसभर. पाच फुटांवर काम थांबले तेव्हा उठल्या, तीन ठिकाणी टेप लावला आणि आत गेल्या.

मला वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कोरा कागद पुढे केला. बाजूला मोकळी जागा सोडायची असते, तिथे कंत्राटदारांनी गाडीसाठी पत्र्याची शेड घातली होती. ती गेली. गटारावर आलेल्या पायऱ्या गेल्या. परवानगीशिवाय चढवलेली गच्चीवरची खोली गेली. सगळे नियमात, सगळे खरे. आणि खरे सांगते, मलाही त्यात गोडी लागली होती. हातोड्यांचे आवाज शाळेपर्यंत आले की मी वर्गातल्या मुलींना शुद्धलेखन घालताना मनात हसायचे.

गच्चीवरची खोली पाडली त्या संध्याकाळी वहिनी आल्या. उंबऱ्यातच बसल्या.

“आक्का, आता पुरे करा. पोरगी बाळंतपणाला यायची होती त्या खोलीत.”

आक्कांनी चहा ठेवला. वहिनी म्हणाल्या, “भिंत बांधायला मी नको म्हणले हुते.”

“तुमी मनात म्हणलासा, वैनी. मला ऐकू कुठनं येणार?”

वहिनींनी चहा तसाच ठेवला. मी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले आणि कडी लावून परत आले.

पुढच्या उन्हाळ्यात कंत्राटदारांनी घर विकले. म्हसवडला वहिनींचे माहेर होते, तिकडे चालले. टेम्पो लागला त्या सकाळी आक्कांनी मला खाली बोलावले. भिंतीशी उभ्या होत्या. आक्का ठेंगण्या, पाच फुटांच्या भिंतीवरून त्यांना पलीकडचे दिसत नव्हते. मी स्टूल आणते म्हणाले. नको, म्हणाल्या. त्याचे तोंड बघायला मी स्टुलावर चढणार नाही.

“तूच बघ. कसं दिसतंय?”

मी पाहिले. कंत्राटदार दोर आवळत होते. ड्रायव्हरला वाटेतल्या चांगल्या हॉटेलाविषयी काही विचारत होते, कुठल्याशा विनोदावर हसलेही. आमच्या घराकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. टेम्पोत पुढे बसलेल्या वहिनींनी मात्र मला भिंतीवरून डोकावताना पाहिले.

“रडतायत,” मी म्हणाले.

“किती?”

“पुष्कळ.”

आक्कांनी मान हलवली आणि आत गेल्या. त्यानंतर त्यांनी एकही अर्ज केला नाही. कंत्राटदार जाताना कसे रडले, हे मात्र येईल त्याला सांगत. पुढे माझी बदली सांगलीला झाली. निघताना त्यांनी माझ्या हातावर नारळ ठेवला आणि ज्या घरात जाशील त्याची भिंत आधी मोज, म्हणाल्या.

दोन वर्षांनी त्या गेल्या. दहाव्याला मी आले. सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि कोपऱ्यात, एसटीने एकट्या आलेल्या, वहिनी. कुणीतरी नवख्या पाहुणीला आक्कांची गोष्ट सांगत होते: भिंत, शेड, गच्ची, आणि शेवटी तो कंत्राटदार कसा धाय मोकलून रडला. मग कुणाला तरी ध्यानात आले की त्याची बायको इथेच बसली आहे. एकीने सांगणारीला कोपराने ढोसले. ती पाहुणी मात्र विचारून बसली, खरंच का हो?

वहिनींनी माझ्याकडे पाहिले, बराच वेळ. मी मान खाली घातली.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “लय रडले त्या दिवशी.”