रंग तू सांग

"रंग तू सांग," असं म्हणत बाई परीक्षानळी समोरच्या मुलाच्या नाकाशी धरायच्या. मुलगा गडबडला की, "मेल्या, नीट बघ." शिकवायची काय नामी युक्ती, असं आम्हा सगळ्या शिक्षकांना वाटे. तुम्हालाही वाटलं असतं.

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत बाई अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत. प्रयोगशाळेला लागूनच माझा गणिताचा वर्ग. पलीकडून "लाल", "निळा" असा गलका सुरू झाला की माझं डोकं उठायचं. बाईंचा पाय म्हणून एका जागी ठरत नसे. स्टाफरूममध्ये सोलकढी आली तरी त्यात लिटमस बुडवून रंग मला विचारायच्या. अहो, आंबटच आहे, प्या गुपचूप, असं मी म्हणायचो.

एकदा बफरचा प्रयोग होता. एका चंचुपात्रात साधं पाणी, दुसऱ्यात बाईंनी खपून तयार केलेलं बफर द्रावण. आम्ल पडलं की रंग बदलणारा दर्शक घातल्यावर दोन्ही हिरवी. व्हिनेगरचे थेंब टाकले की पाणी लाल व्हायचं. बफर मात्र हिरवंच राहायचं, हीच त्याची गंमत. मुलांना ती अजून सांगितलेली नव्हती.

पाणी लाल झालं, मुलांनी सांगितलं. मग बाईंनी बफरचा रंग विचारला. जरा कुजबुज झाली आणि सगळी एका सुरात म्हणाली, "लाल, बाई."

बाईंनी पात्र खिडकीशी नेलं, डोळ्यांना लावलं, खाली ठेवलं, परत उचललं. शेवटी तशाच माझ्या वर्गात आल्या.

"सर, रंग सांगा."

"हिरवा," मी वैतागून म्हटलं. "समोर दिसतोय की."

"मला दिसत नाही."

मधुमेहानं त्यांचे डोळे अधू होत चालले होते. आम्हा शिक्षकांना पत्ता नव्हता, मुलांना होता. बाईंच्या मागोमाग आलेली त्यांच्या वर्गातली पुढच्या बाकावरची मुलगी रडत सांगू लागली, रंग बदललाच नाही, बाईंचा प्रयोग फसला असं वाटलं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून लाल म्हटलं. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते आजही सांगता येत नाही.

वर्ष निभावून नेऊ, मी शेजारी उभा राहीन, असं मी बाईंना परोपरीनं सांगितलं.

"डोळ्यांचं काही नाही हो, सर," त्या म्हणाल्या. "पोरं माझ्यासाठी खोटं बोलायला लागली. आता कशी शिकवू?"

राजीनामा दिला त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. एसटी लागली.

"पालीचीच ना?" बाईंनी विचारलं. मग माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "खरं सांगा हां."

मी पाटी दोनदा वाचली आणि मगच हो म्हणालो.