मरोद्याची झुलती सायकल

मंडळी, मानवजातीवरील समस्त संकटांत माझ्या सायकलची कुईकुई अग्रगण्य आहे.

इथे मरोद्याला कारखाना उभा राहतो आहे, रस्ते व्हायचे आहेत. पाठीला हादरे नकोत म्हणून सायकलचा मागचा सांगाडा कापून मी फाटकाची बिजागरी आणि मोटारसायकलची जुनी स्प्रिंग स्वहस्ते बसवली. आज तिच्यावरून कामाहून घरी आलो. स्प्रिंग उत्तम चालली. पण दारात उतरता येईना. डावा पाय पुन्हा बधिर. कुंपण धरून तसाच बसलो.

"कावून जी, उतरत नाही? पाळणा आवडला वाटते!" बायको हसली.

"परीक्षण करून राहिलो," म्हणत मी दोन झोके घेतले.

कारखान्याच्या डॉक्टरला सांगितलं तर नोकरी जाईल, सोबत क्वार्टरही. घरी सांगायचा धीर नाही. आज पायात जीव यायला फार वेळ लागला. एखाद्या दिवशी तो आलाच नाही तर, याची मला भीती वाटते.