लंबू सुताराचा मुका बेस

सगळं शहर लंबू सुताराला वादक म्हणून ओळखत होतं, त्या काळात त्याला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. साधी शीळ घालायला गेला तरी ओठांतून नुसती हवा निघायची. हे ठाऊक असलेली माणसं मोजकी होती आणि त्यांनी आपापल्या सोयीसाठी तोंडाला कुलूप लावलं होतं.

तो जिथे कामाला होता ते नाचघर मूळची लोकरीची वखार. मालकीणबाईंच्या नवऱ्याने ती विकत घेतली, भिंतींना आरसे लावले, एका टोकाला उंच रंगमंच बांधला आणि जमिनीवर लाकडी फळ्या घातल्या. त्या फळ्यांखाली तुळया होत्या आणि तुळयांखाली जाडजूड स्प्रिंगा. संगीत सुरू होऊन पावलं एकदम पडू लागली की जमीन किंचित खाली जायची आणि पावलांना वर ढकलायची. त्यामुळे नाचणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, आज आपण काय सुरेख नाचतोय! या एका भ्रमावर नाचघराची भरभराट झाली. नवरा वारल्यावर मालकीणबाईंनी कारभार हातात घेतला तो असा, की दारावरच्या पहिलवानालाही त्यांच्यासमोर खोकला आवरावा लागे.

लंबूचं काम जमिनीखालचं. दिवसा तो कंदील घेऊन पोटावर सरपटत आत शिरायचा, स्प्रिंगांना तेल द्यायचा, सैल फळी ठोकायचा. फटींतून पडलेल्या गोष्टी त्याला सापडायच्या. बटणं, केसांच्या पिना, एकदा कानातलं, तर एकदा चक्क एक नकली दात. दाताचा मालक शेवटपर्यंत पुढे आला नाही. पण त्यानंतर बँकेतले एक गृहस्थ नाचताना तोंड मिटून हसू लागले, असं लंबूचं निरीक्षण होतं.

नाचांचा मोठा हंगाम सुरू होण्याच्या दिवशीच बेस वाजवणारा पळाला. बेस म्हणजे माणसाएवढं, उभं धरून वाजवायचं ते दांडगं तंतुवाद्य. बॅंडमधले सगळे त्याला कपाट म्हणत. पळाला तो एकटाच नाही, तर तिकीटखिडकीवरच्या बाईंना घेऊन पळाला. बॅंडच्या मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बुटके, तापट, केसांना भरपूर तेल लावणारे मास्तर रंगमंचावर येरझारा घालत ओरडत होते, "जाहिरातीत अख्खा ताफा छापलाय! नगराध्यक्ष सपत्नीक येणार आहेत! आणि त्या कपाटामागे काय माझ्या सासऱ्याला उभं करू?"

"सासरे उंचीला कमी पडतील," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांची नजर जमिनीतल्या झडपेतून नुकत्याच वर आलेल्या लंबूवर खिळली होती. "ए, इकडे ये. सरळ उभा राहा. हा कोट घालून बघ."

पळालेल्याचा काळा कोट लंबूला असा बसला, जणू शिंप्याने मापच त्याचं घेतलं होतं.

"पण बाई, मला वाजवता येत नाही," लंबू म्हणाला.

"वाजवायला कोण सांगतंय? खबरदार वाजवलंस तर!"

मग लंबूने आपल्या पद्धतीने बंदोबस्त केला. कपाटाच्या पोटात चिंध्या कोंबल्या, तारांखाली लोकरीच्या जाड पट्ट्या दाबून बसवल्या. आता तारेवर हातोडा मारला असता तरी 'ठप' एवढंच ऐकू आलं असतं. मास्तरांनी बेसचे खालचे स्वर भरून काढायला पियानोवाल्याला डावा हात जोरात चालवायला सांगितलं आणि देवाचं नाव घेऊन छडी उचलली.

सुरुवातीला लंबू दोन्ही हातांनी कपाट नुसतं धरून उभा राहिला. पण समोर त्याची जमीन होती आणि जमिनीवर पावलं. कुठली फळी केव्हा दबते हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्याने पावलांकडे बघत बोटं हलवायला सुरुवात केली. मग खांदे हलले. मग मान डोलू लागली. शेवटच्या वॉल्ट्झ नाचापर्यंत त्याने डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर असं काही दुःख आणलं होतं, की पुढच्या टेबलावरच्या एका बाईंनी रुमाल काढला. जाताना नगराध्यक्षांच्या पत्नी मालकीणबाईंना म्हणाल्या, "तुमचा तो उंच वादक! काय खोली आहे हो त्याच्या स्वरात!"

झालं. नवा बेसवाला शोधण्याची घाई त्या क्षणी संपली.

हळूहळू लंबूचं नाव झालं. लोक त्याच्या बाजूची टेबलं अडवू लागले. एका वर्तमानपत्राच्या समीक्षकाने लिहिलं की हा बेस कानांना ऐकू येत नाही, तो थेट हाडांत उतरतो. मास्तरांनी तो अंक चुरगळून पायाखाली घातला. लंबूने दुसरा विकत आणला. त्याने केस वाढवले. गळ्याला रेशमी रुमाल बांधला. इथवर ठीक होतं. पण मग तो तालमीत मतं द्यायला लागला.

"मास्तर, ढोल जरा आवरा. माझं काम दबतंय."

"तुझं?" मास्तरांचा आवाज चिरकला. "तुझं काय दबतंय रे? चिंध्या?"

"ते काही असो. काल लोकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं."

पियानोवाला झाकणावर डोकं टेकवून हसत राहिला. 

घरी लंबूने बायकोला सांगितलं होतं की मास्तरांकडून शिकलो. बायको टोप्या शिवायची. तिची जीभ जितकी तिखट, तितकेच कानही. शिवणयंत्राच्या आवाजावरून सुई बोथट झालीय की नाही ते तिला कळे. बरेच दिवस नवरा 'आज गर्दी फार, नंतर ये' म्हणून टाळत राहिला, तेव्हा ती एका संध्याकाळी न सांगताच गेली आणि थेट रंगमंचाला लागून बसली. नवरा डोळे मिटून, ओठ चावून, कपाटाला कवटाळून डोलत होता. ती सगळा कार्यक्रम ऐकत राहिली. 

घरी जेवताना तिने विषय काढला. "छान वाजवलंत हं."

"आवडलं?" लंबूचा घास हातातच राहिला.

"फारच. इतका नाजूक हात असतो माहीत नव्हतं. डास मारतानासुद्धा याहून जास्त आवाज होतो."

लंबूने खाली मान घालून जेवण संपवलं. बायकोने मात्र विषय संपवला नव्हता. पुढच्याच आठवड्यात ती आपल्या बहिणीच्या मुलीला घेऊन आली. भाची टेलिफोन कार्यालयात सकाळपाळीला नंबर जोडायचं काम करत होती. हुशार, धीट, गालात हसणारी.

"हिला बेस शिकायचाय," बायको म्हणाली. "मी म्हटलं, घरात एवढा मोठा वादक असताना बाहेर कशाला जायचं?"

"काका, मी अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात करीन," भाची म्हणाली.

लंबू कोंडीत सापडला. खरं सांगावं तर अब्रू जाणार, नाही म्हणावं तर बायको सोडणार नाही. त्याने रेशमी रुमाल नीट केला आणि म्हणाला, "ये दुपारची नाचघरात. पण लक्षात ठेव, आवाज कोणीही काढतो. आधी उभं राहायला शिकावं लागतं."

आणि त्याने खरंच तेच शिकवलं. उभं कसं राहायचं, मान कुठे कलती करायची, दुःख नेमकं कोणत्या भुवईवर आणायचं. भाचीने आठवडाभर हे मुकाट्याने केलं. मग एके दुपारी काका जमिनीखाली तेल द्यायला गेल्याचं बघून तिने लोकरीच्या पट्ट्या उपसल्या, पोटातल्या चिंध्या ओढून काढल्या आणि जाडी तार बोटाने खेचली.

मास्तर तेव्हा मागच्या खोलीत चहा पीत होते. तो घुमारदार स्वर कानावर पडताच कप हातात घेऊनच ते धावत आले. त्यांना वाटलं, गाढव शेवटी शिकलं! बघतात तर एक पोरगी तारेवर बोट ठेवून हसतेय आणि तिच्या पायाशी, जमिनीतल्या झडपेतून लंबूचं नुसतं डोकं वर आलंय.

"पुन्हा वाजव," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

त्या दुपारपासून मास्तर तिला शिकवू लागले. भाचीला कान होता आणि बोटांत जोर होता. ज्या मास्तरांनी इतक्या वर्षांत कोणाचं कौतुक केलं नव्हतं, तेही तिच्यापुढे विरघळले. पण मालकीणबाई ऐकेनात. लोक लंबूला बघायला येतात, पोरीला कोण बघणार, हा त्यांचा हट्ट. भाची दुपारी वाजवायची, संध्याकाळी चिंध्या पुन्हा आत जायच्या.

मग रेडिओवाले आले. नाचघरातला कार्यक्रम थेट प्रसारित करायचा होता आणि त्यांची एकच अट होती: प्रत्येक वादकाने थोडा वेळ एकट्याने वाजवायचं. "विशेषतः ते उंच गृहस्थ," रेडिओचा निवेदक आदबीने म्हणाला. "त्यांच्यासाठी वेगळा मायक्रोफोन आणलाय."

मास्तर मटकन खाली बसले.  लंबूचं डोकं मात्र सुताराचं होतं, आणि जमिनीखाली काय मावतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. रंगमंच चांगला उंच होता. त्याखाली त्याने जागा मोकळी केली. तिथे स्टुलावर बसून, वाद्य तिरकं टेकवून भाचीला वाजवता येईल अशी. वर उभं करायला प्लायवूडचं हुबेहूब खोटं कपाट बनवलं. त्याला मागून दार ठेवलं होतं, तर ट्रंपेटवाल्याने लगेच त्यात आपला जेवणाचा डबा ठेवला.

प्रसारणाच्या संध्याकाळी नाचघर ओसंडून वाहत होतं. सगळ्यांची पाळी झाली आणि निवेदकाने भारावल्या आवाजात लंबूचं नाव घेतलं. लंबू पुढे आला. त्याने डोळे मिटले. त्याच्या पायाखालून खोल, गोल, मखमली स्वर उठला आणि लोकांनी श्वास रोखला. लंबूची बोटं तारांवरून अशी फिरत होती, की बायकोलासुद्धा क्षणभर खरं वाटलं.

ठरल्याप्रमाणे भाचीने तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण आजवर तिने रिकाम्या हॉलमध्येच वाजवलं होतं. बाहेर माणसांचं ते मोहोळ पहिल्यांदाच होतं, त्यांची शांतता तिला फळ्यांतून ऐकू येत होती. तिच्या अंगात आलं. तिने लय दुप्पट केली. वर लंबूची धांदल उडाली, हात पंख्यासारखे फिरायला लागले. तिने आणखी वाढवली. लंबूचा रुमाल सुटला, खोट्या कपाटाचं दार उघडलं आणि ट्रंपेटवाल्याचा डबा खणखणत मंचावर पडला. लंबूने घाबरून दोन्ही हातांनी डबा उचलला.

बेस वाजतच राहिला.

 लंबू डबा धरून उभा, कपाट पियानोला टेकलेलं, आणि संगीत मात्र झोकात सुरू. मग मागून कोणीतरी खो खो हसलं आणि हशाची लाट पुढपर्यंत आली. मास्तरांनी तोंड झाकून घेतलं.

लंबूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याला सर्वांत आधी पळून जावंसं वाटलं. पण खालून येणारा तो स्वर इतका सुंदर होता, की त्याचे पाय निघेनात. त्याने डबा मास्तरांच्या हातात दिला, कमरेची पटाशी काढली (कोटाच्या आतही ती असायचीच), मंचाच्या चार फळ्या सटासट उचकटल्या आणि खाली हात दिला. आधी बेस वर आला, मग केसांत जळमटं अडकलेली भाची. ती जरा गोंधळली, मग तिने काकांकडे बघितलं.

"थांबतेस काय? वाजव की!" लंबू म्हणाला.

ती वाजवू लागली. लोक हसता हसता उभे राहिले, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या काही केल्या थांबेनात. निवेदकाला काही कळेना, पण रेडिओवर गप्प बसता येत नाही, म्हणून तो ओरडला, "श्रोतेहो, खुद्द जमिनीतून वादक उगवलाय!" मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की हे सगळं आपणच ठरवून घडवलं होतं, आणि तसं छापूनही आणलं.

भाची बॅंडमध्ये राहिली. पुढे मोठमोठ्या शहरांत वाजवून आली, स्वतःचा ताफा उभा केला. लंबूने कोट उतरवला आणि पुन्हा जमिनीखाली शिरला. त्याला वाईट वाटलं नाही असं म्हणता येणार नाही. काही दिवस तो घरी आरशासमोर उभा राहून डोलायचा आणि बायको शिवणयंत्र मुद्दाम थांबवून, बाहेर जाऊन त्याला एकांत द्यायची.

नंतर काळ बदलला. गाण्यांच्या तबकड्या आल्या, बॅंड मोडला, मास्तर मुलीकडे राहायला गेले. मालकीणबाई गेल्यावर त्यांच्या पुतण्याने काही वर्षं तिथे गाद्यांचं गोदाम चालवलं. गाद्या विकून कंटाळल्यावर त्याने पुन्हा गाणं-बजावणं सुरू केलं, तेव्हा स्प्रिंगा बघायला म्हाताऱ्या लंबूलाच बोलावणं गेलं. तो गेला, सरपटून सगळं तपासून आला आणि म्हणाला, "मी गंजलोय. त्या नाही गंजल्या."

आता तिथे रविवारी दुपारी वयस्कर मंडळींसाठी नाच असतो. एका रविवारी बायकोने त्याला हाताला धरून नेलं. इतकी वर्षं तो एकतर जमिनीखाली होता नाहीतर मंचावर. नाचायला म्हणून या फळ्यांवर त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. संगीत सुरू झालं. तो एकेक पाय जपून टाकू लागला, दर पावलाला खाली वाकून बघू लागला.

"अहो, मान वर करा," बायको म्हणाली. "फळ्या कुठे पळून जात नाहीत."

"त्या आरशाजवळची करकरतेय गं. ऐकतेस ना?"

"माझा गुडघा आहे तो," ती म्हणाली, आणि तिने त्याला खेचत गर्दीच्या मध्ये नेलं.