लोखंडाला हात

रेमेई माझी थोरली बहीण. रोमन रथांच्या शर्यतीचं जुनं मैदान आहे ना, त्याच्या दारावर ती तिकिटं फाडते. आमचा जन्म स्पेनमधल्या तारागोनात गेला. आमच्या न्हाणीघराची मागची भिंत त्याच मैदानाची, साधा खिळा ठोकायचा तरी सरकारी परवानगी लागते. पाहुणे येतात, दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड डोळे फाडून बघतात आणि विचारतात, घोडे कुठायत? रेमेई सांगते, जेवायला गेलेत.

बाई मुळात भिंगरी. एका जागी बूड टेकवेल तर शपथ. पण त्या पंधरवड्यात कहर झाला. तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. आवरलेली कपाटं उपसायची, पुन्हा आवरायची. तिच्यापायी माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

मंगळवारी साडेदहाला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. दहाला ही निघाली ती उलट्या दिशेनं, समुद्रावरच्या सज्ज्याकडे. आमच्या गावची रीतच आहे, फिरत तिथवर जायचं आणि कठड्याच्या लोखंडाला हात लावून परतायचं, म्हणजे सगळं बरं होतं. शिकलेसवरलेलेही लावतात. पण त्या दिवशी कठडा रंगवत होते, अलीकडे दोरी बांधलेली. रंगारी म्हणाला, बाई, परवा या. तोवर रेमेई दोरीखालून वाकून पलीकडे गेलीसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. "अगं, रिपोर्ट कधीच लिहून झालाय. अख्खा कठडा उपटून नेलास तरी त्यातलं एक अक्षर बदलणार आहे का?"

"मला कळत नाही होय?" ती म्हणाली. "अक्षर नको बदलू दे. पण त्या दारातून आत जायला पाय तर उचलले पाहिजेत ना."

रंगारी बिचारा बाजूला झाला, तिनं ओल्या रंगातच लोखंडाला हात लावला. दवाखान्यापर्यंत ती पुढे आणि मी धापा टाकत मागे.

डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. गाठ वाईट आहे, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करू, उपाय आहेत. काही विचारायचंय का, म्हणाल्या. नाही, रेमेई म्हणाली. त्या तारीख ठरवायला बाहेर गेल्या.

रेमेई खुर्चीत पाठ टेकून बसली, हात मांडीवर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाय हलेना की बोट हलेना. मला भीती वाटली. जन्मभर मी हिच्या मागे लागत आले, बस गं बाई जरा.

"ताई," मी म्हटलं, "ऊठ ना गं."