तात्यांच्या राउटरसाठी गाऱ्हाणं

"गो बाय, ह्यो मेलो. ह्येच्या जाग्यार नवीन घाल," तात्या राउटरकडे बोट दाखवून म्हणाले.

राउटर मेला नव्हता. हात लावून बघितला तर भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. दिवे मात्र सगळे नीट लुकलुकत होते.

ही २०१०ची गणेशचतुर्थी. तळेऱ्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सणाच्या दिवशी मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, पण तात्यांनी फोनवर कारण सांगितलं आणि मी मोदक अर्धा टाकून मिठबावला त्यांच्या घरी आले.

कारण होतं सुमनकाकी, तात्यांची विधवा भावजय. तिचा एकुलता एक मुलगा प्रवीण मस्कतला कामावर परांचीवरून पडला होता. फोनवर तो म्हणायचा, पाय जुळला, मी चालतो. काकीचा विश्वास नव्हता. तिच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. आज आरतीनंतर तो मित्राच्या ऑफिसातून व्हिडिओ कॉल करणार होता. ऑफिस पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"माका तेका पायार उभो बघूचो आसा," काकी मला म्हणाली. "फोनार तो खोटा बोलता."

सकाळपासून चाचणी घेतली की चित्र गोठायचं. मी आधी राउटर बंद करून चालू केला. क्षणभर सुधारला, पुन्हा तेच. मग घरच्या कॉम्प्युटरला वायरलेस सोडून थेट केबल लावली. तरीही चित्र गोठलेलंच. म्हणजे घोटाळा हवेत नव्हता, लाइनच तुंबली होती. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले आणि कपाळाला हात लावला. वीसेक लॅपटॉप नि फोन त्याला चिकटले होते.

"तात्यानू, ही सगळी कोण?"

"घरचीच. मुंबयची, पुण्याची. दोन-चार शेजारची."

"आणि पासवर्ड?"

"जेणी मागल्यान, तेका दिलंय. बावीर इलेल्या माणसाक पाणी नको म्हणतंव काय आमी?"

सगळ्या भावकीचा मिळून एकच गणपती, तो तात्यांच्या घरी असतो, म्हणून चतुर्थीला ते घर लग्नघरासारखं भरतं. पूर्वी पाहुणे फक्त चटया नि उशा मागायचे.

तात्यांनी राउटरची पुस्तिका पुढे केली. त्यात अडीचशे उपकरणं जोडता येतात असं छापलेलं होतं. मी त्यांना समजावलं, राउटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांकी पत्ता देतो, अडीचशे हा फक्त त्या पत्त्यांचा आकडा. घरगुती राउटर आठ-दहा जणांना बरा सांभाळतो, पुढे त्याला धाप लागते. शिवाय लाइन एकच, ती सगळ्यांत वाटली जाते. नुसते जोडलेले फोन फार खात नाहीत, पण एकजण नेटवरून मोठं काही उतरवायला बसला की बाकीचे उपाशी. इथे मुंबईचे जावई पडवीत बसून सकाळपासून सिनेमे उतरवत होते.

"नवीन राउटर घालून उपयोग नाय. पासवर्ड बदलूया. दोन मिनिटांचा काम," मी म्हटलं.

तात्यांचा चेहरा पडला. "जावयाक तोडू? चतुर्थीक?"

"मग तुमी तेंका सांगा."

"तां माका जमाचा नाय. आरती होवंदे. बघूया."

मला मनातून राग आला. एका माणसाच्या भिडेपायी त्या बाईचा जीव टांगणीला.

आरती झाली. आता गाऱ्हाणं. आमच्याकडे घरातला वडीलधारा देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि बाकीचे होकार भरतात. तात्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घराण्याची पोरा-बाळा आज तुझ्या पायाकडे जमा झाली आसत. तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"एक पोर परमुलखात आसा. तेचा तोंड आज आवशीक दिसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जी कोण ह्या नेटाक लटाकली आसत, तेंका घटकाभर आपली यंत्रा बंद करूची बुद्धी दी रे म्हाराजा."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मी हसू दाबलं. मग मागून जावयांचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." त्यांच्यामागोमाग सगळे म्हणाले.

जावई स्वतः पडवीत जाऊन लॅपटॉप मिटून आले. पोरांनी खिशातून फोन काढून बंद केले. मी सेटिंग पुन्हा उघडलं तेव्हा राउटरवर घरच्या कॉम्प्युटरशिवाय कोणी नव्हतं.

कॉल आला. चित्र धुरकट होतं, पण हलत होतं. प्रवीण खुर्चीतून उठला, दारापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"परत चल," काकी म्हणाली.

तो परत चालला.

"जरासो लंगडता," ती मला म्हणाली. "पण चलता." मग पदराने डोळे पुसून तिने त्याला जेवलास का विचारलं. त्या रात्री काकीने पानातलं सगळं संपवलं, आणि तिच्या शेजारी बसून माझेही चार मोदक जास्तच झाले.

एका राउटरवर किती उपकरणं चालतात, असं गिऱ्हाइकं आजही विचारतात. आता पूर्वीपेक्षा जास्त, पण लाइन अजून एकच, मी सांगते. आणि घरात पाहुण्याला नको म्हणणारं कोणी नसेल, तर निदान गाऱ्हाणं घालणारा एक माणूस ठेवा.