काचेच्या छताचा डबा

आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला एक चित्र फ्रेम करून लावलंय. फुगीर नाकाचं अमेरिकन डिझेल इंजिन, मागे चकचकीत स्टीलचे डबे, आणि त्यातल्या एका डब्याला काचेचं छत. छताखाली बसलेली माणसं कॉफी पीत डोंगर बघतायत. घरी येणाऱ्या आयरिश मंडळींना वाटतं, मी कधीतरी त्या गाडीने गेले असणार. मी गेलेले नाही. चित्र माझ्या वडिलांचं, आणि तेही गेले नाहीत. ते वारले त्याला आता वर्ष होईल.

बाबा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. त्यांच्या उमेदीच्या काळात शेडमधली इंजिनं मूळ अमेरिकन घडणीची होती, आणि सुट्या भागांच्या एका खोक्यात माहितीपुस्तकांबरोबर हे चित्र आलं होतं. साहेबांनी ते टाकून दिलं, बाबांनी घरी आणलं. आमच्या क्वार्टरमध्ये देवांच्या फोटोंच्या ओळीत ते टांगलेलं असे आणि आई त्यालाही उदबत्ती ओवाळायची, आधी थट्टेने, मग सवयीने. "शिकलीस की मला ह्या डब्यात बसव," बाबा म्हणायचे. मी दहावीत असल्यापासून हो म्हणत आले.

त्या गाड्यांचा जमाना अमेरिकेत केव्हाच सरला होता, हे मला मोठेपणी कळलं. बाबांना सांगितलं नाही. काचेच्या डब्याची एखादी गाडी अजून कुठेतरी धावत असेल, तिची तिकिटं काढू, असं मनात होतं. मग एमएस झालं, आयर्लंड झालं, लग्न, लेक, नोकरी. दर वर्षी पुढच्या वर्षी. शेवटी एकदा व्हिडिओ कॉलवर मी धीर करून सांगून टाकलं, "बाबा, अमेरिकेचं आता काही जमणार नाही." ते म्हणाले, "बरं, बरं." किती समजूतदार आहेत माझे वडील, असं मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलं आणि मोकळी झाले.

मी कानाची डॉक्टर आहे, हे इथे सांगायला हवं. सांगताना लाज वाटते.

बाबांनी शेडमध्ये कानात कधी कापूस घातला नाही. घातला तर इंजिन काय म्हणतंय ते कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. लोखंडी गजाचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. आत काय बिघडलंय ते फिटर असं ओळखत. त्या आवाजाने त्यांचे कान खाल्ले. आधी बारीक आवाज गेले, पक्षी, कुकरची शिट्टी, मग बायकांचं बोलणं, मग लहान मुलं. जाड, खालचे आवाज तेवढे राहिले. मी पाठवलेलं कानाचं यंत्र त्यांनी आठवडाभर वापरलं. "सगळं पत्र्यावर पडल्यासारखं ऐकू येतं," म्हणाले आणि कपाटात ठेवून दिलं. मीही फार पाठपुरावा केला नाही.

दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतर, ते दोन महिने आमच्याकडे राहिले. माझी लेक आयरिश वळणाच्या इंग्रजीत त्यांच्याशी भरभर बोलायची आणि ते मान डोलवायचे.

"ममा, आबा डझन्ट हिअर मी अ‍ॅट ऑल," ती एकदा म्हणाली.

"हळू बोल जरा त्यांच्याशी," मी तिला दटावलं. मी स्वतः कुठे हळू बोलत होते?

ते परत जायच्या आदल्या रविवारी जुन्या इंजिनांच्या हौशी लोकांची एक खास गाडी पोर्टलीशला थांबणार होती. डब्लिनला जायला मी रोज जी गाडी धरते तिला वेगळं इंजिनच नसतं, सगळं डब्यांच्या पोटाखाली. ह्या गाडीला मात्र अमेरिकेहून आणलेलं जुनं डिझेल इंजिन असणार होतं. मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी भारतातून आणलेलं ते चित्रही प्लास्टिकमध्ये गुंडाळून बरोबर घेतलं.

इंजिन आलं तसा पायाखालचा फलाट थरथरला. मी काही बोलायच्या आत बाबा पुढे गेले, छत्रीचं टोक इंजिनाच्या अंगाला लावलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. मी घाबरून धावले. ड्रायव्हरने खिडकीतून वाकून बघितलं आणि मला म्हणाला, "ही'ज ग्रँड, लीव्ह हिम." ग्रँड म्हणजे इकडे नुसतं ठीक.

"आपल्यावालं नाही," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "चुलत घराणं. जरा उतावीळ आहे. पण नीट ठेवलंय पोरांनी."

दोन महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मला रडू आलं. ज्या आवाजाने माझा आवाज त्यांच्यापासून तोडला, तो त्यांना अजून ऐकू येत होता आणि मी नाही. त्या इंजिनाचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

गाडी गेल्यावर आम्ही बाकावर बसलो. बाबांनी चित्र काढून मांडीवर ठेवलं.

"ही ट्रायल झाली," ते म्हणाले. "आता ह्या डब्यात कधी बसवतेस? पुढच्या वर्षी चालेल. मला काही घाई नाही."

म्हणजे त्या कॉलवर त्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं. इतके दिवस ते वाट बघत होते.

अशा माणसाशी कसं बोलायचं, हे मी रोज पेशंटच्या घरच्यांना शिकवते. समोर बसा, ओठ दिसू द्या, आवाज खाली आणा, एकेक शब्द सुटा बोला. मी रुळांकडे बघत, माझ्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाले, "नाही जमणार हो, बाबा."

"बरं, बरं," ते म्हणाले. चित्र पुन्हा नीट गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं. "मग हे तुझ्याकडेच राहू दे. अमेरिकेला निघताना गडबडीत विसरायला नको."