नारळ कानाला लावणाऱ्या काकू

नारळ घेताना सुमतीकाकू आधी तो कानाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि अगदी हलके हलवायच्या. आतलं पाणी खळखळलं की त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा, जणू कुणीतरी ओळखीचं पलीकडून बोललंय. मग त्या नारळ उलटा करून त्याचे डोळे बघत, त्यांवरून अंगठा फिरवत आणि ते कोरडे लागले तरच पिशवीत टाकत. परळीत वैजनाथाच्या देवळाच्या रस्त्यावर आमच्या अप्पांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. तिथं येणारं गिऱ्हाईक हाताला लागेल तो नारळ उचलायचं, कारण तो फोडायचाच असायचा. काकू मात्र अख्खं पोतं उपसायच्या. पहिल्याच दिवशी अप्पा वैतागून म्हणाले, "ताई, देवाला कसलाबी चालतो." त्यावर काकू म्हणाल्या, "देवाला चालतो हो, मला नाही चालत. देव काय आमटी करतोय?"

हीच त्यांची माझी पहिली भेट. मी तेव्हा कॉलेजात होते आणि दुपारी दुकानात बसायची. मला इतकं हसू आलं की अप्पांनी डोळे वटारले.

काकू मालवणच्या. काकांची औष्णिक वीज केंद्रात बदली झालेली आणि कॉलनीतलं क्वार्टर काही मिळेना, म्हणून ते गावात खोली शोधत होते. आमच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. आम्ही लिंगायत, घरात कांदा-लसूण चाले, पण मांस-मच्छीचं नावही निघत नसे. माणसं मालवणची म्हटल्यावर आईनं दारातच अट घातली. अंड्याचं टरफलसुद्धा जिन्यावर दिसता कामा नये. काकूंनी क्षणभर काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते. मग काकू म्हणाल्या, "बरं. मासळी मालवणातच ठेवून येते. नारळ तरी चालेल ना?"

"नारळ देवाचा हाय," आई म्हणाली, "त्याला कोन न्हाई म्हनंल?"

तो शब्द काकूंनी पाळला, स्वयंपाकाची भांडीसुद्धा नवी घेतली. आता विचार केला की वाटतं, समुद्राकाठी वाढलेल्या बाईनं आमच्या या पठारावर, कोळशाच्या राखेत आणि ज्वारीच्या मुलखात येऊन, एका घरमालकिणीच्या शब्दाखातर ताटातला अर्धा जीव काढून ठेवला. तिच्या माहेरचं म्हणून ताटात जे उरलं, ते एवढंच: नारळाचं दूध.

त्या ते कसं काढत, हे बघायला मी वर जाऊन बसायची. त्यांची विळी वेगळी होती, टोकाला दातेरी चकती असलेली. तिला त्या आडाळी म्हणत. एक पाय दुमडून तिच्यावर बसायच्या आणि वाटी फिरवत फिरवत नुसता पांढरा चव, म्हणजे खवलेलं खोबरं, पाडायच्या. पाठीची तपकिरी साल जराही आली की हात थांबायचा. मग त्या खोबऱ्यावर कोमट पाणी घालून ते तसंच ठेवायच्या. वीज असली तर मिक्सर, नाहीतर पाटा-वरवंटा. वीज केंद्र आमच्या गावात आणि लोडशेडिंगही आमच्याच गावात, तेव्हा पाटाच जास्त. शेवटी मलमलच्या फडक्यात घालून पिळायचं. पहिलं दूध दाट, ते वेगळं. पुन्हा पाणी घालून दुसरं, मग तिसरं पातळ. माझ्याच्यानं धीर धरवायचा नाही. मी फडकं धरून जोर लावला की त्या माझ्या मनगटावर टपली मारत आणि त्यांच्या बोलीत म्हणत, "घाईत पिळलेलो नारळ पाणी देता गो, दूध देणा नाय."

पहिल्यांदा मी आमसुलाची सोलकढी प्यायले ती तिथंच. एवढी आवडली की पेलाभर आईसाठी खाली घेऊन आले. आईनं तो गुलाबी रंग पाहिला आणि पेला लांब सरकवला. म्हणाली, "भांडी बदलली तरी हात त्येच हायेत की."

काकू जिन्यात होत्या. त्यांनी ते ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खाली आल्या, पेला उचलला, स्वतःच पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "चला, माझी चैन झाली." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच पेला आला. तिसऱ्या दिवशीही. आई घेत नसे आणि काकू रुसत नसत. अप्पा मात्र दुकानात चोरून प्यायला लागले होते. काकू त्यांना चिडवायच्या, "अप्पा, तुम्ही नारळ विकता आणि मी नारळ खाते. दोघांत शहाणं कोण ते तुम्हीच ठरवा."

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग माझं लग्न ठरलं.

स्थळ दिंद्रुडचं होतं. खातंपितं घर, भुसाराचा व्यापार. सासूबाईंचा मात्र दरारा मोठा. त्या आमच्याहून कर्मठ, पाहुण्यांकडचं पाणीसुद्धा पारखून पिणाऱ्या. साखरपुडा ऐन मे महिन्यात धरला होता. दोन जीपा भरून माणसं यायची होती आणि जेवणात पुरी-बासुंदीचा बेत होता. सकाळी आईनं पातेली चुलीवर चढवली आणि थोड्याच वेळात दोन्ही पातेल्यांतलं दूध फाटलं. आदल्या संध्याकाळचं दूध, त्यात तो उकाडा. अप्पा सायकल घेऊन गावभर फिरले. लग्नसराईचा दिवस, कुठल्याच गवळ्याकडे दूध शिल्लक नव्हतं. आई चुलीपुढे बसून राहिली. गोडाशिवाय पंगत म्हणजे मुलीच्या घरची शोभा, आणि तीही दिंद्रुडच्या माणसांपुढे.

काकू जिना उतरून खाली आल्या, पण शेवटच्या पायरीवर थांबल्या. आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी कधीच ओलांडलेला नव्हता. तिथूनच त्यांनी आईला विचारलं की घरात वळलेल्या शेवया आहेत का. होत्या, त्याच महिन्यात उन्हात वाळवून डबे भरले होते. गूळ? तो तर आमच्याकडे ढेपांनी असायचा. मग काकू म्हणाल्या, "दुकानातून नारळाचं पोतं मागवा. आमच्याकडे सणाला तांदळाच्या शेवया करतात आणि त्यांवर गूळ घातलेलं नारळाचं दूध वाढतात. तुमच्या गव्हाच्या असल्या म्हणून काय झालं? आणि वहिनी, माझे हात नकोत तर तुमच्या हातांनी करा. मी इथनं सांगते."

आईनं अप्पांना पोतं आणायला पाठवलं.

मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. शेजारच्या गिरजाकाकू आल्या, माझ्या दोन चुलत्या आल्या. नारळ फोडले जात होते, पाण्याचे तांबे भरत होते, वीज अर्थातच गेलेली. काकू पायरीवर उभ्या राहून सूचना देत होत्या. आमच्याकडे कुणालाच ओला नारळ खवायची सवय नाही. साल येऊ लागली. पहिलं दूध निघालं ते गढूळ, माती कालवल्यासारखं. आईनं घाईघाईनं दुसरं पिळलं, तर नुसतं पाणी. काकू तिथूनच एक पाऊल पुढे यायच्या आणि पुन्हा मागे जायच्या. शेवटी आईनं फडकं परातीत टाकलं, उठली, पायरीपाशी गेली आणि काकूंचं मनगट धरलं.

"आत या," ती म्हणाली. "ह्याला तुमचेच हात लागतेत."

काकू आत आल्या. आडाळी खाली आली, पदर खोचला गेला आणि त्या बसल्या. त्यांच्या हाताखालून तो पांढराशुभ्र चव असा पडत होता की गिरजाकाकू खवणं सोडून बघतच राहिल्या. काकूंनी आईला शेजारी बसवून घेतलं. पाणी किती कोमट, ते आईचं बोट बुडवून दाखवलं. दाट दूध मोठ्या पातेल्यात काढून ते ओल्या वाळूवर ठेवायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यावर जाड थर धरला, तेव्हा आई खाली वाकून म्हणाली, "अगं बाई, ह्याला साय येती?" काकू म्हणाल्या, "येते तर. फक्त त्याला हलवायचं नाही आणि उकळायचं नाही. फाटतं. माणसासारखंच आहे ते."

पंगत बसली. उकडलेल्या शेवया, त्यांवर गुळाचं, वेलदोड्याचं दाट दूध आणि वर चमचाभर साय. पुरुषांची पंगत दोनदा वाढून घेऊन उठली. मग बायका बसल्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला आणि दूध कुठल्या म्हशीचं म्हणून विचारलं. चुलतीनं आईला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा म्हणून. आईनं सरळ सांगितलं की हे नारळाचं आहे आणि वरच्या मजल्यावरच्या सुमतीबाईंनी केलंय, त्या मालवणच्या.

"मालवणच्या म्हंजे मासे खानाऱ्या?" सासूबाईंनी विचारलं.

पंगतीतले हात थांबले. मी दाराआड उभी होते. काकू माझ्याजवळच होत्या. त्या परत जिन्याकडे वळत होत्या. आईचा आवाज आला, शांत, वाढता वाढता बोलावा तसा.

"व्हय. तिकडं खातेत. हितं माझ्या एका शब्दाखातर सोडलेत. इतकी वर्सं झाली, कधी तोंडातून बोलून बी दावलं न्हाई. असा शब्द पाळनारं मानूस तुमच्या घरात असंल, तर माझी लेक मी बिनघोर देते."

मग सासूबाईंनी वाटी पुढे केली. "साय जरा जास्त घाला," त्या म्हणाल्या.

काकू माझा खांदा धरून हसायला लागल्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्नानंतर सासूबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की ते नारळाचं दूध मला काढता येतं का.

त्या दिवसानंतर आमच्या घरातला जिना नुसता खाली-वर वाहायला लागला. आई काकूंना 'सुमती' आणि 'तू' म्हणू लागली. दोघींचे उद्योग बघण्यासारखे असत. एकदा आईच्या मनात आलं, सायीचं लोणी होतं, लोण्याचं तूप होतं, मग नारळाच्या सायीचं का नको? काकू बाजारात गेलेल्या बघून तिनं दोन दिवसांची साय कढईत घातली आणि चुलीवर चढवली. कढ आला, खाली चोथा तपकिरी झाला आणि वर स्वच्छ तेल तरंगलं. घरभर असा वास सुटला की अप्पा दुकानातून आले. काकू परत आल्या, कढईत डोकावल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "वहिनी, तूप नाही हो, तेल केलंत. आमच्याकडे ह्याला आवेल म्हणतात, केसांना लावतात." त्या संध्याकाळी माहेरपणाला आलेली मी, गिरजाकाकू आणि काकू अशा ओळीनं बसलो आणि आईनं सगळ्यांच्या डोक्यावर ते तूप थापलं.

ते दिवसच बदलाचे होते. घरोघर रंगीत टीव्ही आले, केबलच्या तारा गच्च्यांवरून धावू लागल्या, अप्पांच्या दुकानात उदबत्तीशेजारी थंड पेयाच्या बाटल्या उभ्या राहिल्या. एक दिवस एक विक्रेता नारळाच्या दुधाची पावडर घेऊन आला. पाकीट फोडा, पाण्यात ढवळा, झालं. अप्पांनी मोठ्या उत्साहानं एक पाकीट वर पाठवलं. काकूंनी पेलाभर करून नीट चव घेतली. कुणाला उगाच नावं ठेवायची त्यांची रीत नव्हती. थोडा विचार करून म्हणाल्या, "वाईट नाही. पण नारळाशी ह्याची नुसती ओळख आहे, नातं नाही."

मग काकांची बदली झाली, विदर्भातल्या एका वीज केंद्रावर. बातमी कळली तेव्हा आई दिवसभर नुसती भांडी घासत राहिली. निघायच्या आठवड्यात काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, एवढी वर्षं इथं काढली, पण मला भाकरी थापता येत नाही. भाताच्या मुलखातली मी. शिकवा."

ज्वारीचं पीठ काकूंच्या हातात टिकेना. काठ फाटायचे, भाकरी उचलली की मध्येच तुटायची. आई त्यांच्या हातावर हात ठेवून थापायची, पिठात कढत पाणी घालायची, पुन्हा मळायला लावायची. रोज सकाळी हा वर्ग चाले आणि फाटक्या भाकऱ्या अप्पा बिनतक्रार खात. निघायच्या आदल्या दिवशी एक भाकरी तव्यावर टम्म फुगली. काकूंनी ती पुसायच्या फडक्यावर घेऊन गल्लीत चार घरं फिरवून दाखवली. परळी स्टेशनावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. आईनं शिदोरी दिली आणि गाडी सुटेपर्यंत दोघी पिठाच्या गोष्टी बोलत होत्या, दुसरं काही नाही.

नंतर भेट झाली नाही. पत्रं यायची, मग तीही विरळ झाली. एका महाशिवरात्रीला मी माहेरी आले होते. विदर्भातल्या त्याच वीज केंद्राच्या कॉलनीत राहणारी एक बाई देवदर्शनाला आली होती. नारळ घ्यायला दुकानात आली आणि अप्पांशी बोलता बोलता घरी चहाला आली. ती आईला सांगत होती, त्यांच्या कॉलनीत एक काकू आहेत, फार हौशी. ठिकठिकाणच्या नव्या सुना तिथं येतात, कुणाला भात येतो, कुणाला पोळी. ह्या काकू सगळ्यांना घरी बोलावून ज्वारीची भाकरी शिकवतात. फाटली की म्हणतात, आमच्या परळीला अशी चालत नाही.

"तुमच्याच गावच्या आहेत म्हणे त्या," बाई म्हणाली. "परळीच्या."

मी आईकडे पाहिलं. ती देवाच्या वाती वळत होती.

"हाय की," आई म्हणाली. "परळीचीच हाय." आणि तिनं पुढची वात वळायला घेतली.